पोटनिवडणूक बिनविरोध करा म्हणे! कुठली परंपरा?

वाकडी फुली: 'आमदार वारले की घरच्यांना बिनविरोध जाऊ द्यावं, ही महाराष्ट्राची परंपरा, खर्चही वाचतो,' असं कालच्या पोस्टमध्ये ठोकून दिलंय. पलूस-कडेगावला २०१८ मध्ये पतंगराव कदमांनंतर त्यांचा मुलगा विश्वजीत कदम बिनविरोध आले, खरं. मग पंढरपूरला २०२१ मध्ये ती परंपरा कुठे गेली? दिवंगत आमदार भारत भालकेंच्या मुलासमोर भाजपने समाधान आवताडे दिले आणि ३,७३३ मतांनी जागा काढली. जिंकायची आशा नसते तिथेच परंपरा आठवते.

तर्कट: पोस्ट माझीच. दोन जागांवरून नियम काढू नका.

नमुना सतरा: बिनविरोध काय पक्षांच्या हातात असतं? अंधेरी पूर्वला २०२२ मध्ये भाजपच्या मुरजी पटेलांनी शेवटच्या दिवशी माघार घेतली, तरी दिवंगत आमदार रमेश लटकेंच्या पत्नी ऋतुजा यांच्यासमोर सहा जण उरले. एक अपक्ष अडून बसला तरी यंत्रं लावावीच लागतात. ऋतुजा लटके ६६,५३०, नोटा (वरीलपैकी कोणीही नाही) १२,८०६, बाकी सहाही जणांची अनामत जप्त. वाचला खर्च?

तर्कट: नोटाचं कौतुक पुरे. नोटा पहिला आला तरी त्याच्याखालचा उमेदवारच आमदार होतो. अनामत वाचवायला लागणारी एक-षष्ठांश मतं काढतानाही नोटा वगळतात. आणि लोकांना घरातलाच माणूस हवा असतो, २०२३ चं चिंचवड बघा.

वाकडी फुली: बघितलं. दिवंगत आमदार लक्ष्मण जगतापांच्या पत्नी अश्विनी जगताप ३६ हजारांनी आल्या, बंडखोर कलाटेंनी ४४ हजार खाल्ली. याला सहानुभूती म्हणायचं की मतविभागणी?

तर्कट: आणि त्याच दिवशी कसब्यात भाजपने दिवंगत आमदार मुक्ता टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही, जागा काँग्रेसच्या धंगेकरांनी नेली. त्याचं काय?

नमुना सतरा: घराणी सोडा, खरा घोळ लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ मध्ये आहे. सहा महिन्यांत पोटनिवडणूक, पण मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर नाही. हे वर्ष मोजायचं कुठून? अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला गेले, विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४. जागा रिकामी झाल्यापासून मोजा, वर्षाहून जास्त. निकालापासून मोजा, सहा महिनेही नाहीत. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दुसरा हिशेब धरला आणि जाहीर झालेली निवडणूक रद्द!

तर्कट: योग्यच. पाच महिन्यांच्या आमदारासाठी कशाला खटाटोप?

नमुना सतरा: कसला खटाटोप? मतदान लोकसभेसोबत २६ एप्रिललाच होतं. त्याच केंद्रावर आणखी एक यंत्र, बस. आणि निकालापासून मोजायचं म्हटलं की निवडणूक आयोगाने नुसतं हातावर हात ठेवून बसावं, मुदत आपोआप संपते. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले, लोकसभेचे चौदा महिने बाकी होते. उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये निवडणूक घ्या म्हटलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती. पुण्याला खासदार मिळाला तो थेट पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत.

तर्कट: बरं बाबा, अकोल्यापुरता खर्चाचा मुद्दा मागे.

वाकडी फुली: अंधेरीपुरता कधी घेताय?