शनिवारी दिवाडीला: आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-३०१ ताई: नमस्कार मंडळी. माझ्या नणंदेची पुण्याची माणसं शुक्रवारी येतायत, बारा जण, तीन गाड्या. समुद्र दोनदा बघून झालाय, यंदा त्यांना बेट बघायचंय. शनिवारी मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर न्यायचा बेत आहे. बांधावर बसून जेवण करायचं म्हणतायत, स्पीकर आणि ड्रोनही आणतायत. गाड्या फेरीबोटीत घेतात ना? शेगडी लावायला बरी जागा कुठे?

ए-२०२ भाऊ: घेतात. जुन्या गोव्याला व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली उतरलं की समोरच धक्का.

सी-१०३: संध्याकाळी परतताना लवकर निघा. कामावरून सुटलेल्या लोकांची गर्दी असते.

ए-१०४ काकी: ताई, रागावू नकोस गं, पण बांधावर शेगडी नको. दिवाडी माझं माहेर. थोडं सविस्तर लिहिते.

बी-३०१ ताई: रागावेन कशाला? लिहा काकी.

ए-१०४ काकी: तो बांध म्हणजे फिरायची वाट नव्हे. आमची खाजन शेती भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला भात, मध्ये फक्त मातीचा बांध. त्या बांधात मानस असते, म्हणजे पाणी जायची लाकडी दारांची वाट. ओहोटीला शेतातलं पाणी दारं ढकलून नदीत जातं आणि भरती आली की नदीचंच पाणी ती दारं लोटून बंद करतं. मोटर नाही, वीज नाही. शेकडो वर्षं असंच चाललंय. पावसाळा सरत आला की मांडवीचं पाणी पुन्हा खारं व्हायला लागतं आणि नेमकं तेव्हाच भात पोटरीतून बाहेर येऊन लोंबीला आलेलं असतं. म्हणजे आत्ता.

दोन वर्षांपूर्वी चवथीनंतरच्याच आठवड्यात कुणी तरी आमच्या बांधावर जेवून गेलं. थर्माकोलच्या ताटल्या, वेफर्सची पाकिटं, सगळं तिथंच. एका प्लास्टिकच्या पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या होत्या, ती वाहत जाऊन मानशीच्या दारात अडकली. रात्रीच्या भरतीला दार चार बोटं उघडं राहिलं. सकाळी भाऊ गेला तर दाणा भरत आलेल्या भातात पाणी. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं आणि काही न बोलता तिथंच बसला. कडेचे दोन तुकडे त्या वर्षी हातचे गेले. मीठ एकदा जमिनीत शिरलं की ते धुऊन निघायला पुढचे पावसाळे बघत बसावं लागतं. पिशवी टाकणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नसणार. ठाऊक असतं तर टाकली नसती, असं मला अजून वाटतं. म्हणून तर सांगतेय.

बी-३०१ ताई: काकी, मला खरंच यातलं काही माहीत नव्हतं. दहा वर्षं झाली मला इथं येऊन.

ए-४०२ काका: काकी, तुमचं पटतं. पण पाहुण्यांसमोर नुसती बंदीची यादी ठेवली तर ते येतील का? माझा तळमजल्यावरचा फ्लॅट पर्यटकांनाच जातो. टॅक्सीवाला, खानावळवाली, सगळ्यांचं पोट त्यावर आहे.

ए-१०४ काकी: येऊ देत की! मी कुठे येऊ नका म्हणतेय? बेट कमरेला बांधून थोडंच ठेवायचंय. पण जेवण बरोबर नेलं, पाणी बरोबर नेलं आणि कचरा तेवढा तिथं ठेवला, तर गावाला काय मिळालं? गावातल्या खानावळीत आदल्या दिवशी फोन करून सांगा, शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, तयार ठेवतात. तिथं चार पैसे राहतात.

सचिव: शेगडीचं म्हणाल तर कायद्यानंही चालत नाही. पर्यटनस्थळांच्या संरक्षणाचा २००१ चा कायदा आहे, त्यात २०१९ ला दुरुस्ती झाली. पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक आणि दारू, दोन्हीला दंड.

सी-१०३: ड्रोन आणि स्पीकर तर घरीच ठेवायला सांगा ताई. शेजारीच चोडणला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ पासूनचं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, सगळं खारफुटीचं. मी तिथं पहाटे जातो. खंड्या बसलेला असतो, बगळे चिखलात उभे असतात, आणि पलीकडून गाणी सुरू झाली की क्षणात सगळं रिकामं. पक्षी बघायचे तर नोव्हेंबर-डिसेंबरात आणा त्यांना, वनखात्याचं तिकीट काढून होडीतून जाऊ. मी येईन बरोबर.

बी-१०२ वहिनी: आणि घरांचे फोटो! माझी बहीण पणजीत फोंतेन्यासला, जुन्या रंगीत घरांच्या वस्तीत राहते. दार उघडलं की पायरीवर कुणी तरी पोज देऊन उभं. शेवटी शेजाऱ्यांनी फलक लावले. दिवाडीच्या घरांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, म्हातारी माणसं दुपारची बसलेली असतात. नुसतं "काकी, फोटो काढू?" एवढं विचारलं तरी ती खुर्ची सरकवून जागा देतात.

बी-३०१ ताई: मग त्यांना दाखवू तरी काय? ते खूप उत्साहात आहेत.

ए-१०४ काकी: अगं भरपूर आहे. पुण्याची माणसं ना? मग त्यांना सप्तकोटेश्वराची गोष्ट सांग. कदंब राजांचं ते दैवत मुळात आमच्या दिवाडीचं. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, मग देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. २०२३ मध्ये सरकारनं पुन्हा दुरुस्त केलंय. दिवाडीवरूनच नार्व्याला फेरी आहे. देव गेला त्याच पाण्यावरून पलीकडे जाता येतं.

त्याआधी दिवाडीतल्याच पिएदादच्या टेकडीवर चढा. वरून मांडवी आणि खाजनं सगळी एका नजरेत दिसतात. तिथं दफनभूमीत एक लहान वास्तू आहे, जुन्या देवळाचा राहिलेला भाग. तिथं हळू बोलायचं, कपडे नीट असू देत. कुणाचं तरी माणूस तिथं निजलेलं असतं.

ए-२०२ भाऊ: ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां, दिवाडीचा झेंड्यांचा उत्सव, असतो, तो आता गेला. पुढच्या वर्षी त्या सुमारास बोलवा.

ए-४०२ काका: काकी, मानशीचं हे चार ओळींत लिहून द्याल का? माझ्या फ्लॅटवर येणाऱ्यांना किल्लीबरोबर देईन. नियम म्हणून नाही, गोष्ट म्हणूनच.

ए-१०४ काकी: देते. आज रात्री लिहिते.

सचिव: मी छापून आणतो, मराठीत आणि हिंदीत. गेटवरही एक लावू.

बी-३०१ ताई: नणंदेशी बोलले. शेगडी, स्पीकर, ड्रोन पुण्यालाच ठेवतायत. गाड्या जुन्या गोव्यात लावून पायी फेरीत चढणार, पायी जाणाऱ्यांना फुकट आहे कळल्यावर मुलं तर नाचायलाच लागली. काकी, खानावळीचा नंबर मला वेगळा पाठवा. आणि तुम्ही येता का आमच्याबरोबर?

ए-१०४ काकी: येते की. आठच्या फेरीला धक्क्यावर भेटू. भावाला सांगून ठेवते, ओहोटीच्या वेळी मानस उघडताना मुलांना दाखवेल. चपला चिखलाच्या आणा.