कुत्रा कोणता घ्यावा, लॅब्रॅडोर की बीगल? पुण्यात २ बीएचके

प्रश्न: चौथा मजला, लिफ्ट आहे. मुलगी ८ वर्षांची, सासूबाई सत्तरीच्या, दिवसभर घरी त्याच. रोज दीड तास फिरवू शकतो. बीगल लहान म्हणून सोपा जाईल ना?

प्रतिसाद १: आकारावर जाऊ नका. बीगल १०-१२ किलोचा, पण त्याची पैदास सशांच्या मागावर कळपाने धावण्यासाठी झाली. नाकाला वास लागला की हाक कानात शिरत नाही, म्हणून मैदानातही १० मीटरची दोरी हवी. एकटेपणात लांब सूर लावतो आणि फ्लॅटमध्ये तक्रारी त्यावरूनच होतात. कान लोंबते, त्यामुळे पावसाळ्यात आत ओल राहून संसर्ग होतो. आठवड्यातून एकदा बघा.

प्रतिसाद २: पण लॅब ३० किलोचा! दोन वर्षांपर्यंत अंगावर उड्या मारतो, सासूबाईंना पाडू शकतो. दोरी कधीही त्यांच्या हाती देऊ नका. फरशी गुळगुळीत असेल तर पिल्लाचे पाय घसरून खुब्यावर ताण येतो, रबरी चटया अंथरा. खाणं वजन करूनच द्या, बऱ्याच लॅबना पोट भरल्याचं कळतच नाही. केस वर्षभर गळतात.

प्रश्नकर्ती: मग सासूबाईंचं काय?

प्रतिसाद १: ३-४ वर्षांचा, शिकवलेला लॅब दत्तक घ्या. तुमच्या घराला तोच योग्य. आधी सासूबाईंना दोनदा भेटवा.

प्रतिसाद ३: पिल्लूच हवं असेल तर ८ आठवड्यांच्या आत आणू नका. आईला प्रत्यक्ष पाहा, आईबापांच्या खुब्याचे एक्स-रे मागा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत फिरवा, डांबर तापतं.