अ‍ॅस्बेस्टॉसची भरपाई: मुदत नोकरी सुटल्यापासून मोजायची की निदानापासून?

निशिगंध:
माझे बाबा १९६४ ते १९९४ मुंबईच्या उपनगरातल्या एका सिमेंट-पत्र्याच्या कारखान्यात होते. गोण्या फोडून अ‍ॅस्बेस्टॉस ओतायचं काम. पाळी संपवून घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. आई त्यांचे कपडे आधी गॅलरीत झटकायची, मग भिजत घालायची. निवृत्तीनंतर कितीतरी वर्षं ते ठणठणीत होते. मग जिना चढताना धाप लागू लागली. टीबी समजून औषधं झाली. २०११ मध्ये निदान झालं, अ‍ॅस्बेस्टॉसिस, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंनी फुप्फुसं कडक होण्याचा आजार.

भरपाईची चौकशी केली तेव्हा १९२३च्या भरपाई कायद्याचं कलम १० पुढे आलं. व्यवसायजन्य आजाराची लक्षणं काम सुटल्यापासून दोन वर्षांत दिसली, तर ती दिसली त्या दिवशी अपघात घडला असं मानतात. दोन वर्षं! अ‍ॅस्बेस्टॉसिस उमटायलाच बहुधा पंधरा-वीस वर्षं लागतात. मेसोथेलिओमाला, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाला, तीस-चाळीससुद्धा.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ला सांगितलं होतं की, कामगाराच्या तब्येतीच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षं किंवा ती सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर ठेवा. बाधित ठरलेल्याला एक लाख द्या. बाबांचा हिशेब मांडला, तर नोंदींची मुदत २००९लाच संपते. निदानाच्या दोन वर्षं आधी.

मुदत निदानाच्या दिवसापासून मोजली पाहिजे. आणि ज्यांचा मालक उरलाच नाही, त्यांच्यासाठी उद्योगाच्या पैशातून निधी हवा. तुम्हाला काय वाटतं?

कोर्टपायरी:
ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं, पण दोष चुकीच्या जागी देताय. त्याच कलमात पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ करण्याचा अधिकार भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांना आहे. निदान उशिरा झालं, याहून सबळ कारण कोणतं? दावे पडतात ते पुराव्यावाचून. हा माणूस त्या खात्यात होता, हे दाखवणारा कागद नसतो. मुदत बदलून तो कागद उगवणार नाही.

निशिगंध:
माफी मिळते ती उशिरा दाखल केलेल्या दाव्याला. मी बोलतेय ते लक्षणांच्या दोन वर्षांबद्दल. आणि माफी म्हणजे मर्जी. ऑक्सिजन लावलेल्या माणसाने मर्जीसाठी किती तारखा करायच्या?

हिशेबनीस:
विम्यात आयुष्य गेलं, म्हणून कटू वाटलं तरी बोलतो. १९७०चा हप्ता १९७०च्या जोखमीवर ठरलेला असतो. चाळीस वर्षांनी कोणीही दावा लावू शकणार असेल तर तो विमा कोणी विकणार नाही. आणि निधीचा भार आजच्या कारखान्यांवर पडला, तर तो पत्र्याच्या किमतीत जाणार. तो पत्रा ज्याच्या घरावर चढतो तो कोण आहे, तेही पाहा.

निशिगंध:
काका, ब्रिटनमध्ये हेच सांगितलं जायचं. तरी २०१४ पासून तिथे मेसोथेलिओमाची योजना आहे. मालक किंवा त्याचा विमा सापडत नसेल तर पैसे मिळतात, आणि ते विमा कंपन्यांवरच्या आकारणीतून येतात. विम्याचा धंदा तिथे बुडाला नाही. पत्रा महाग होईल म्हणता, मग आज तो स्वस्त आहे तो कोणाच्या फुप्फुसांवर?

कामगार_पुत्र:
मला निधीच मान्य नाही, पण कारण उलटं आहे. निधी आला की मालक सुटला. पैसे भरले, नाव पुसलं गेलं. दक्षिण आफ्रिकेच्या खाणकामगारांना केप या ब्रिटिश अ‍ॅस्बेस्टॉस कंपनीविरुद्ध लंडनमध्येच खटला चालवू द्या, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, २०००मध्ये सांगितलं. साडेसात हजार लोक होते. मालकाला कोर्टात उभं करण्याची ताकद आपण हातची का घालवायची?

निशिगंध:
त्याच खटल्याचं पुढचं सांगा ना. २००१ची तडजोड फिसकटली, पैसे २००३ला ठरले. तोवर वाट पाहणारे किती जण गेले असतील? खटला चालू द्या, मी अडवत नाही. निधीने आधी द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं. फ्रान्सचा निधी तसंच करतो.

फुफ्फुस_वैद्य:
कोर्टपायरींना जोडून एक. आपल्याकडे दवाखान्यात ‘पूर्वी काय काम करत होता?’ हे विचारतच नाहीत. बिडी ओढायचा एवढं कळलं की केसपेपर संपला. निदानच नोंदलं गेलं नाही, तर ताईंची निदानाची तारीख आणणार कुठून? म्हणून नुसती मुदत बदलण्याला माझा पाठिंबा अर्धाच.

निशिगंध:
डॉक्टर, हे खरं आहे. बाबांना तो प्रश्न पहिल्यांदा २०११ला विचारला गेला.

पण एक राहिलंच. गेल्या वर्षी आईच्या एक्सरेत फुप्फुसाच्या आवरणावर चट्टे दिसले. कपडे तीच झटकायची. ती कोणत्याच हजेरीपटावर नव्हती, म्हणून भरपाई कायदा तिला ओळखत नाही. जपानने २००६च्या कायद्यात कारखान्याशेजारी राहणाऱ्यांनाही घेतलं आहे. कामगार_पुत्र, तुमच्या वाटेने तिने कोणाला कोर्टात उभं करायचं?

कामगार_पुत्र:
याचं उत्तर माझ्याकडे नाही. आईंसारख्यांसाठी निधी, हे मान्य. कामगारासाठी मात्र मालकच.

कोर्टपायरी:
मुदतीबद्दल माझं मत तेच आहे. पण ताई, थांबू नका. आईंचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून घ्या: कपडे रोज घरी यायचे का, कुठे झटकायच्या, किती वर्षं. बाबांच्या खात्यातले कोणी हयात असतील तर त्यांचंही. पगाराची चिठ्ठी, कारखान्यातला तिकीट नंबर, पीएफचा उतारा, जे असेल ते बाहेर काढा.