बंद घर भाड्याने द्यायचं की विकायचं? आधी रंग देऊ का?

निळी_खिडकी:
आईचं दोन खोल्यांचं घर ३ वर्षं बंद होतं, आता माझ्याकडे आलंय. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला कमरेपर्यंत पोपडे आलेत, हात लावला की पांढरी पूड निघते. दार उघडलं की गटारासारखा वास येतो. रंगारी म्हणतो, पुट्टी भरून दोन हात मारले की घर नवं दिसेल. भाऊ म्हणतो, विकून टाक. माझा जीव भाड्याने देण्याकडे आहे. किती खर्च करावा, तेच कळत नाही.

ओलकाढ्या:
ताई, रंगाऱ्याला आधी थांबवा. मी वॉटरप्रूफिंगची कामं करतो, म्हणून कळकळीने सांगतोय.

ती पांढरी पूड म्हणजे लोणा. भिंतीत शिरलेलं पाणी आतले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात. त्यावर पुट्टी चढवलीत तर तीही फुगून गळेल. मी स्वतःच्या घरात ही चूक केली होती. दुसऱ्याच महिन्यात भाडेकरूच्या कपाटामागे बुरशी आली, त्यांच्या बाळाचे कपडे खराब झाले. ते निघून गेले, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तुमच्याकडे एक गोष्ट सोयीची आहे. ३ वर्षं तिथे कुणी अंघोळ केलेली नाही. तरीही भिंत आज ओली असेल, तर पाणी फरशीच्या सांध्यांतून नव्हे, पाणी भरलेल्या पाइपातून, वरच्या मजल्यावरून, बाहेरून किंवा जमिनीतून येतंय. भिंत कोरडी असेल तर तो जुना लोणा आहे. ओळखायचं असं: हातभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीला लावा, दोन दिवसांनी काढा. मागच्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतली. पुढच्या बाजूला असतील तर खोलीतल्या दमट हवेची.

मग सगळे नळ बंद ठेवून पाण्याच्या मीटरकडे बघा. काटा हलला तर लाइन गळतेय. शेवटी बाथरूमच्या जाळीला बूच लावून इंचभर पाणी २४ तास साठवा आणि पातळीची खूण करा. शेजारच्या भिंतीवर किंवा खालच्या छतावर डाग उमटला, की फरशीखालचं काम निघालं.

वासाची चिंता नको. ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या भागात साठून वास अडवणारं पाणी आटलं की गटाराची हवा थेट वर येते. प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि कमोडमध्ये पाणी ओता. तरीही वास राहिला तर प्लंबर.

दुरुस्तीनंतर नवा गिलावा सुकायला महिनाभर तरी द्या. खरी घाई तिथेच होते.

हिशेबी:
पैशांचं मी सांगतो. घर वर्षात १ महिना रिकामं राहिलं तर भाड्यातले ८.३३ टक्के गेले. वर्षभराच्या भाड्यातून तो महिना, कर, देखभाल आणि दुरुस्ती वजा करा, उरलेल्याला घराच्या आजच्या किमतीने भागा, म्हणजे घर वर्षाला किती परतावा देतं ते कळेल. ती किंमत जाहिरातीतली नको, त्याच भागात झालेल्या व्यवहारांतली घ्या, आणि चटईक्षेत्राच्या, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेच्या दराने. आलेला आकडा भावासमोर ठेवा. ओल न काढता विकलंत, तर खरेदीदार मनात दुरुस्तीचा खर्च धरून भाव पाडतो.

निळी_खिडकी:
फॉइल काढली. मागे थेंब आहेत. मुख्य कॉक उघडाच होता आणि मीटरचा काटा हळूहळू फिरतोय.

ओलकाढ्या:
मग नळाची लाइनच असणार. कॉक आत्ता बंद करा. प्लंबरला दाब देऊन लाइन तपासायला सांगा, म्हणजे गळती गरम लाइनची की गार लाइनची ते कळेल आणि पूर्ण भिंत फोडावी लागणार नाही. फोडलेला भाग बंद करण्याआधी पाइपांचे फोटो मोजपट्टी लावून काढून ठेवा. उद्या कुणी खिळा ठोकायला ड्रिल घेऊन उभा राहील, तेव्हा ते दाखवता येतील.