डाग काढा, पण धूर राहू द्या

जुन्या आरमारी लढायांच्या चित्रांची स्कॅनवरून काढलेली प्रिंट घ्यायची तर कागद पांढराशुभ्र केलेलीच घ्या, असा सल्ला दिला जातो, तो मला काही पटत नाही. या लढायांच्या एनग्रेव्हिंगमध्ये, म्हणजे धातूच्या प्लेटवर कोरून छापलेल्या चित्रांत, तोफांचा धूर म्हणजे निम्मं चित्र, आणि तो तांब्याच्या प्लेटवर बारीक रेघांनी नाहीतर अ‍ॅक्वाटिंटच्या (आम्लाने प्लेटवर बारीक ठिपके उठवून छटा आणायची पद्धत) दाण्यांनी आणलेला असतो, मग स्कॅन साफ करताना कॉन्ट्रास्ट जास्त ताणला की पिवळे डाग जातात पण सोबत धूरही जातो आणि जहाजं कोऱ्या कागदावर चिकटवल्यासारखी दिसतात. १७९८ च्या इंग्रज-फ्रेंच आरमारांच्या नाईलच्या लढाईत फ्रेंचांचं 'ओरिएंट' जहाज रात्री स्फोट होऊन उडालं, त्या चित्रांत तर सगळी मजा काळोखाच्या छटांचीच! घेण्याआधी डोलकाठ्यांचे दोर झूम करून बघा, तुटक दिसले तर सरळ सोडून द्या.