रॉबर्ट टॅफ्ट आणि ८० दिवसांचा हिशेब

गोदाकाठ (नाशिक): अभ्यासमंडळात अमेरिकेचे सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट यांच्यावर वीस मिनिटं बोलायचं आहे. श्रोते बहुतेक सातपूर-अंबडचे युनियनवाले. ‘कामगारांचा शत्रू’ एवढीच त्यांची ओळख सगळ्यांना आहे. टॅफ्ट-हार्टले कायद्यातले (युनियन आणि संपांवर बंधनं घालणारा १९४७चा अमेरिकी कायदा) संप थांबवून ठेवण्याचे ८० दिवस नक्की कसे मोजतात? आणि बाकी कारकीर्द किती घ्यावी?

संपनोटीस: संप पुकारल्या दिवसापासून मोजू नका, इथेच सगळे चुकतात. राष्ट्राध्यक्ष आधी चौकशी मंडळ नेमतात. मंडळाने फक्त वस्तुस्थिती मांडायची, तोडगा सुचवायचा नाही. मग सरकार कोर्टातून मनाई हुकूम आणतं आणि तिथून मोजणी सुरू होते. ६० दिवस बोलणी. नाही मिटलं, तर मालकाच्या शेवटच्या प्रस्तावावर पुढच्या १५ दिवसांत कामगारांचं गुप्त मतदान आणि ५ दिवसांत निकाल. मग हुकूम उठतो, संप पुन्हा करता येतो! १९५९चा पोलाद संप जुलैत सुरू झाला, हुकूम सुप्रीम कोर्टाने ७ नोव्हेंबरला कायम केला आणि समझोता व्हायला जानेवारी १९६० उजाडला.

सिन्नरफाटा: कारकीर्द थोडक्यात सांगा. जन्म १८८९, सिनसिनाटी. वडील राष्ट्राध्यक्ष. १९३८ला ओहायोतून सिनेटवर. १९४०, १९४८ आणि १९५२ अशी तीनदा रिपब्लिकन पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हुकली. शेवटच्या वेळी आयझेनहॉवर पुढे गेले. जानेवारी १९५३ला सिनेटमधल्या बहुमतवाल्या पक्षाचे नेते झाले आणि ३१ जुलैला कर्करोगाने गेले.
‘शत्रू’ हा शिक्का मात्र तपासूनच वापरा. मे १९४६मध्ये रेल्वे संपवाल्यांना सक्तीने लष्करात घ्यावं, असा प्रस्ताव राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी आणला. प्रतिनिधीगृहाने तो भरघोस मतांनी मंजूर केला, पण सिनेटमध्ये टॅफ्ट आडवे आले. सरकारचा हात माणसाच्या मानेवर नको, हीच त्यांची धारणा. १९४९च्या सरकारी घरबांधणी कायद्यामागेही ते होते, हे आपले लोक ऐकून चकित होतील.

गोदाकाठ: मग क्लोज्ड शॉपचं काय?

संपनोटीस: त्यावर सरसकट बंदी आली, म्हणजे आधीच सभासद असलेल्यालाच नोकरी, हे चालणार नाही. नोकरीला लागल्यावर ३० दिवसांनी सभासद व्हायची अट (युनियन शॉप) चालते. पण कलम १४(ब)प्रमाणे राज्य तीही बंद करू शकतं. युनियनवाल्यांचा खरा राग या कलमावर होता, तेव्हा वेळ इथे द्या. ट्रूमन यांचा नकाराधिकार मोडून कायदा २३ जून १९४७ला झाला: प्रतिनिधीगृहात ३३१-८३, सिनेटमध्ये ६८-२५.

सिन्नरफाटा: एक इशारा. श्रोते ३० टक्क्यांची तुलना हमखास करतील. आपल्या १९७१च्या महाराष्ट्र कायद्यात युनियनला मान्यता मिळण्यासाठी सहा महिने किमान ३० टक्के सभासदत्व लागतं. तिकडे अमेरिकेत ३० टक्के कामगारांच्या सह्यांवर युनियन हवी की नको याची नुसती निवडणूक लागते, मान्यता बहुमतानेच मिळते. आकडा एकच, अर्थ वेगळा.