पहिली ते चौथीच्या मुलांची हस्तकला: तुमचे अनुभव लिहा

नमस्कार, मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. एकशिक्षकी शाळा, चारही वर्ग मिळून चौदा मुलं एकाच खोलीत, त्यामुळे सहा वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या मुलाला एकच काम कसं द्यायचं हा माझा रोजचा प्रश्न. तुम्ही काय करून बघितलं, काय जमलं, काय फसलं ते जरूर लिहा. सुरुवात मी करते.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी आम्ही वर्गात माटोळी बांधली, गणपतीच्या वर फळंफुलं बांधून टांगतात ती चौकट. विकत काही आणायचं नाही, शाळेच्या वाटेवर मिळेल तेच. घागऱ्या (सुकल्यावर वाजणाऱ्या शेंगा), कांगल्या (घोसाने येणारी रानफळं), सुपारीचा शिपटा म्हणजे घोस, एकाने कवंडळ हे रानफळ आणलं. पहिलीची मुलं घागऱ्या कानाशी नेऊन हलवत बसली, ओल्या असताना वाजत नाहीत म्हणून दोन घोस खिडकीत सुकायला ठेवले. चौथीच्यांनी नावांच्या चिठ्ठ्या केल्या आणि तिथे भांडण, कारण एकाच फळाला दोन वाड्यांवर दोन नावं! मी दोन्ही लिहायला लावली. मग फळं समोर ठेवून चित्रं काढली, तर एरवी कुठलंही फळ म्हणजे एक गोळा काढून मोकळा होणारा मुलगा कांगल्यांच्या घोसातले दाणे मोजून काढत होता. एक मात्र सांभाळा, माटोळीतली काही फळं विषारी असतात, कवंडळ त्यातलंच, तोंडात घालायची नाहीत हे आधी सांगा आणि नंतर सगळ्यांचे हात धुवून घ्या.

·

मी फोंड्याहून. आमच्याकडे तिसरीला कावी करून बघितली. जुन्या देवळांच्या भिंतींवर असते ना लाल-पांढरी नक्षी, ती. खरी पद्धत अशी की पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल काव मिसळलेला पातळ थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचा, की खालचा पांढरा दिसतो. आधी मुलांना गावच्या देवळात नेलं. मी काही सांगायच्या आत एक मुलगी म्हणाली, "सर, पांढरं रंगवलेलं नाही, ते आत आहे." इतका आनंद झाला मला.

वर्गात चुन्याऐवजी जाड ड्रॉइंग पेपरवर पांढरा मेणखडू कचकचून घासायचा, एकही जागा सोडायची नाही, वरून गेरूसारखा लाल पोस्टर कलर. पहिल्या वेळी पूर्ण फसलं, मेणावर रंग थांबेचना, नुसते थेंब. मग रंगात भांडी घासायच्या लिक्विड सोपचे दोन थेंब घातले आणि बसला की नीट. सुकल्यावर संपलेल्या पेनाच्या टोकाने खरवडायचं. या कामात खोडरबर चालत नाही, त्यामुळे रेघ मारायच्या आधी मुलं थांबून विचार करायला लागली, एरवी पान फाडून नवीन मागणारीसुद्धा.

·

मी म्हापशाची, दुसरीतल्या मुलाची आई. शाळेतून "घरून प्रोजेक्ट करून आणा" आलं की आमच्या घरी रात्री बारापर्यंत थर्मोकोल कापायचं काम माझं, आणि लेक झोपलेला. दोनदा झालं असं, दुसऱ्या वेळी चांगला शेरा मिळाला तर तो म्हणाला, "हे तुझंच आहे ना आई?" त्या दिवसापासून बंद केलं. आता तो करतो, वाकडं होतं, तसंच पाठवते. टीचरना विनंती आहे, वर्गातच अर्धा तास द्या हो, घरी पाठवलं की ते आईबाबांचंच होतं.

·

मडगावहून छोटंसं. जून-जुलैत पोस्टर कलर आणि फेव्हिकॉलची कामं घेऊच नका, दोन-दोन दिवस सुकत नाहीत आणि ढीग करून ठेवलं तर बुरशी येते. पावसात आम्ही कागदकाम घेतो, घड्या आणि विणकाम. लाल-पांढऱ्या पट्ट्या एकाआड एक विणल्या की कुणबी साडीच्या चौकड्या आपोआप तयार होतात!

·

पणजीहून एक काका. दरवर्षी दिवाळीला वाड्यावरच्या लहान मुलांचा वेगळा नरकासुराचा पुतळा करतो, कमरेएवढा. मोठ्यांच्या नरकासुराला मुलांना हातसुद्धा लावू देत नाहीत म्हणून हे सुरू केलं. काठ्या, सुकं गवत, जुने पेपर, मुखवट्याला फुग्यावर मैद्याच्या खळीने कागद चिकटवायचा. रसायनं नकोत, शेवटी जाळायचाच आहे. गेल्या वर्षी पहाटे एक सहा वर्षांची पोर मुखवटा जाळू देईना, डोळे तिने रंगवले होते. बाकीची मुलं म्हणाली नियम म्हणजे नियम. शेवटी मुखवटा काढून तिच्या हातात दिला आणि धड जाळलं. अजून तिच्या घरी भिंतीवर आहे.

·

सगळ्यांना मनापासून धन्यवाद! कावी सोमवारी करणारच. चौथीची मुलं खरवडतील, पहिलीच्यांना मेणखडू घासायचं काम, ते त्यांना जोरात जमतं. लिक्विड सोप मात्र घरून न्यावा लागेल.